मागू नये

मे महिन्यातली रात्र. पुण्यातल्या खोलीवर मी जेवायला बसलो होतो आणि बहिणीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण नुकतीच रडून झाली असावी.

"अन्ना, मी नान्नांची उधारी डिलीट केली."

सिरोंचा गडचिरोली जिल्ह्याच्या पार दक्षिणेला आहे, प्राणहिता आणि गोदावरी मिळतात तिथे. पलीकडच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वरम. त्यामुळे आमच्यासारख्या कित्येक घरांत शाळा मराठीत आणि स्वयंपाकघर तेलुगूत. वडील म्हणजे नान्ना, मोठा भाऊ म्हणजे अन्ना.

नान्नांचं किराणा दुकान. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी त्यांना उधारीचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम, तारीख आणि शेवटी 'शेरा' नावाचा रकाना. आधी कुरकुरले, मग त्यातच रमले. गेल्या वर्षी ते गेले. आता दुकान बहीण बघते.

त्या दुपारी तिने हिशेब साफ करायला घेतला. ज्या खात्यांवर दोन-तीन वर्षांत एक रुपयाही जमा नाही, ती तिने काढून टाकली. नान्नाच नाहीत, आता हे पैसे कोण आणून देणार? तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. संध्याकाळी वादळ आलं, लाईट गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच, तोही जागच्या जागी बंद पडला. अंधार पडता पडता एक अव्वा दुकानात आली. तेंदूपत्त्याचे पैसे हातात आले होते. म्हणाली, "तुझ्या बापाचे किती राहिले ते सांग, घेऊन टाक."

तिला आकडा माहीत नव्हता. तो नान्नांच्या वहीत असणार, एवढाच तिचा भरवसा. बहिणीने तिला उद्या यायला सांगितलं.

मी एकच विचारलं, "त्यानंतर प्रोग्रॅम परत उघडलास का?"

"कसा उघडणार? लाईटच नाही."

"मग आल्यावरही उघडू नकोस."

हे का म्हणालो ते सांगतो. प्रोग्रॅमचा डेटा एसक्यूलाइटमध्ये होता. हे नाव ऐकलं नसेल, पण ते तुमच्या खिशात आहे. फोनमधले कॉन्टॅक्ट, मेसेज, व्हॉट्सॲपचे चॅट यातच साठवलेले असतात. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रॅमरने ते 2000 साली लिहिलं. सगळा डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक साधी फाईल.

पण त्याची एक पद्धत अशी आहे, की नवा बदल लगेच मुख्य फाईलमध्ये जात नाही. तो शेजारच्या 'वॉल' नावाच्या फाईलमध्ये लिहिला जातो. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत लिहितो आणि रात्री पक्क्या वहीत उतरवतो, तसंच. प्रोग्रॅम नीट बंद झाला की कच्चं पक्क्यात उतरतं आणि कच्ची वही फेकली जाते. ही पद्धत मीच कुठेतरी वाचून चालू केली होती. त्या दिवशी लाईट गेल्यामुळे प्रोग्रॅम नीट बंद झालाच नव्हता. म्हणजे खाती पुसल्याची नोंद अजून कच्च्या वहीतच असण्याची शक्यता होती. प्रोग्रॅम एकदा उघडून बंद केला असता, तर तीच नोंद इमानदारीने पक्क्या वहीत उतरली असती.

सकाळी लाईट आली. बहिणीने लॅपटॉप चालू केला, प्रोग्रॅमला हात न लावता फोल्डरमधल्या तिन्ही फायली मला पाठवल्या. मी आधी त्यांच्या प्रती काढल्या आणि त्यातली एक टर्मिनलमधून उघडली.

एसक्यूलाइटच्या कमांडला 'रीडओन्ली' असा पर्याय देता येतो. तो दिला की फक्त वाचता येतं. तसं उघडलं, तर खाती गायबच. साहजिक होतं, कारण वाचताना ते कच्ची वहीही जमेस धरतं. काल विकलेला माल मात्र त्यात नीट दिसत होता, तो मी उतरवून घेतला.

मग दुसरी प्रत. यावेळी फाईलच्या नावापुढे 'इम्म्युटेबल' जोडलं. म्हणजे ही फाईल कधीच बदलत नाही असं समज, शेजारी काय पडलंय ते बघूही नकोस. एरवी हे धोक्याचं. चालू डेटाबेसवर असं केलं तर चुकीचं उत्तर मिळू शकतं. मला नेमकं ते जुनं, कालच्या आदल्या रात्रीचं उत्तर हवं होतं.

सगळी खाती होती.

अव्वाचं खातं सापडलं. 1,340 रुपये. पुढे शेरा: "मिरची तोडायला गेली. आल्यावर देईल. मागु नये."

मग मी इतर शेरे वाचत गेलो. प्रोग्रॅम मी लिहिला होता, पण तो रकाना कधी वाचला नव्हता. "मुलीचं बाळंतपण, मागु नये." "बैल मेला. मागु नये." "याला मागावे, दारूत घालवतो." तीन वर्षं पैसे न आलेली बरीचशी खाती अशी होती. आम्हाला ती बुडीत वाटली. नान्नांनी ती थांबवून ठेवली होती.

'मागू'तला उकार त्यांनी सगळीकडे ऱ्हस्वच लिहिला होता. हाताला सवय असते. एका ठिकाणी दुरुस्त करायला मी कमांड लिहून एंटर दाबलंही. उत्तर आलं, हा डेटाबेस फक्त वाचण्यासाठी आहे, यात लिहिता येणार नाही.

हा एरर मी ऑफिसात कित्येकदा बघितलाय आणि दर वेळी वैतागलोय. त्या सकाळी हात मागे घेतला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

दुपारपर्यंत दोन्ही प्रती जुळवून नवी फाईल बहिणीला पाठवली. संध्याकाळी अव्वा आली, पैसे मोजून दिले, खातं मिटलं. बहिणीने बाकीची खाती परत काढली नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात आता ती लिहिते, तेही ऱ्हस्व उकारानेच. मी काही बोललो नाही.