शाकारणी

२०२४ च्या आषाढात आमच्या पतपेढीच्या एका खेड्यातल्या शाखेत काळ चक्क चोपन्न वर्षे मागे गेला. दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी ती आली, राउटरचे दिवेही लुकलुकू लागले. पण स्वारी म्हणू लागली, आज १ जानेवारी १९७०! मुख्य कचेरीचे प्रमाणपत्र पुढे केले, तर ‘हे अजून अमलात यायचे आहे’ म्हणून त्याने ते परतवले. खरी वेळ विचारायची ती मुख्य कचेरीला, आणि तिथवर पोचायला आधी खरी वेळ हवी!

खिडकीशी एक म्हातारी निथळती छत्री धरून उभी होती. नातवाच्या फीचे पैसे काढायला आली होती. “फाल्या येव काय रे, झिला?” एवढेच तिने विचारले, आणि ती आली तशी चिखलातून परत गेली.

दोष एका नाण्याएवढ्या सेलचा होता. वीस मिलिमीटर रुंद, तीन व्होल्टचा. राउटरच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. वीज असताना त्याला विजेवर जगता येते, ती गेली की हा सेल त्याला पोसतो.

उरलेल्या चार शाखांतले राउटर त्याच वयाचे. त्यांचेही सेल बदलावेत, असे मी म्हणताच नाना म्हणाले, “अहो, चालत्या गाडीला कशाला हात लावता? उघडताना एखादी पट्टी मोडली म्हणजे?” नानांचे म्हणणे खोटे नव्हते. बिघाड न झालेले यंत्र दुरुस्तीने बिघडल्याचे मीही पाहिले आहे. मीटर लावून ठरवावे, तर या जातीच्या सेलचा दाब शेवटापर्यंत जवळजवळ तसाच राहतो, आणि मग एकाएकी ढासळतो.

तेव्हा मला आमच्या वडिलांची आठवण झाली. मिरगाआधी ते घर शाकारून घेत. गळत असो वा नसो. कौले काढताना दोनचार फुटत. वडील ती मुकाट्याने मोजून नवी आणीत. लहानपणी मला तो व्यर्थ खर्च वाटे. छप्पर गळते की नाही हे उन्हाळ्यात कळत नाही, आणि पावसात कळून उपयोग नसतो, हे त्यांना ठाऊक होते.

सेलचे तरी दुसरे काय? वीज आहे तोवर त्याचे मरण कुणाला दिसत नाही.

या वैशाखात एका रविवारी आम्ही चारही सेल बदलले. आधी राउटरची सारी मांडणी उतरवून ठेवली. एका शाखेत सेल डाख देऊन बसवलेला निघाला. तो मी कारागिराकडूनच काढवला. नानांचे भय मी एवढे मानले.

काढलेले चारही सेल कदाचित आणखी दोन वर्षे टिकले असते. नाना अजून मला तसे म्हणतात. मी वाद घालत नाही.