हडळ पडद्यावरची आणि घरातली

मैत्रिणींनो, तुम्हांला भुताखेतांचे सिनेमे आवडतात का? खरं सांगा हं! चारचौघींत आपण "छे बाई, असलं काही मी बघत नाही" म्हणतो, आणि दुपारची झाकपाक झाली, मुलं शाळेत गेली की हळूच लावून बसतो. मी आपली कबूल करून टाकते. मला आवडतात. त्यातही जितका स्वस्तातला, तितका मला जास्त आवडतो.

मी भाईंदरला राहते. सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, आणि उरलेला पूर्ण वेळ घरी राबते. हा नाद मला लागला तो १९९३ नंतर, झी टीव्हीवर 'झी हॉरर शो' लागायचा तेव्हा. आम्ही भावंडं एकाच गोधडीत घुसून, डोळ्यांवर बोटं धरून, बोटांच्या फटींतून बघत असू. तो कार्यक्रम रामसे बंधूंचा होता. या रामसे मंडळींची हकिगत मला त्यांच्या सिनेमांपेक्षाही आवडते. वडील फत्तेचंद रामसे यांचं मूळचं दुकान रेडिओचं. त्यांना मुलगे सात. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेरा, किरण आवाज, अर्जुन संकलन, कुमार लेखन. मोठ्या एकत्र कुटुंबात एका जावेकडे पोळ्या, दुसरीकडे भाजी आणि तिसरीकडे मुलांचे डबे असतात ना, अगदी तसंच! १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' करायला सगळं बिऱ्हाड बसमध्ये घालून ही मंडळी महाबळेश्वरला गेली आणि साधारण चाळीस दिवसांत सिनेमा पुरा करून आली. स्वयंपाकपाणी घरच्याच बायकांनी सांभाळलं म्हणतात. त्या बायकांची नावं पडद्यावर आली की नाही, कोण जाणे.

मला विचाराल तर असला सिनेमा म्हणजे फोडणीचा भात. घरात जे उरलंसुरलं आहे त्यातच भागवायचं. एक पडका वाडा, एक कंदील, थोडा धूर, लाल रंगाचं पाणी. अंधार केला की भिंतीला रंग नसला तरी चालतो. सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे भीती, आणि ती तर प्रेक्षक आपल्या घरूनच घेऊन येतो! अमावास्या म्हणजे काय, पिंपळावर कोण राहतो, तिन्हीसांजेला केस मोकळे का सोडायचे नाहीत, हे आपल्याला कुणी पडद्यावर समजावून सांगावं लागत नाही. आजीनं ते काम फुकटात करून ठेवलेलं असतं. मुंजा, समंध, खवीस, जखीण, सगळी पात्रं आयती तयार. २०२४ साली 'मुंज्या' एवढा चालला, त्यात कोकणातल्या आज्यांचा वाटा आहे असं मी म्हणते.

आपल्या 'झपाटलेला'मध्ये (१९९३) रामदास पाध्यांचा एक बाहुला आणि एक मंत्र एवढ्यावर महेश कोठाऱ्यांनी सबंध महाराष्ट्राला घाबरवलं आणि हसवलंही. पण हे सिनेमे लागोपाठ बघताना एक गोष्ट मला खटकत आली आहे. हसवणारं भूत बहुधा पुरुषाचं असतं. बाईचं भूत आलं की विषय फिरून फिरून बाळंतपणावर येतो. १९८४ चा 'पुराना मंदिर' आठवा. मुरुडच्या नवाबाच्या वाड्यात काढलेला. त्यात सामरी नावाचा राक्षसी माणूस राजाला शाप देतो, आणि शाप काय, तर तुझ्या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील. गुन्हा कुणाचा, शिक्षा कुणाची, आणि मरायचं कुणी! पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या 'लपाछपी'तसुद्धा (२०१७) आठ महिन्यांची गरोदर नेहा उसाच्या फडातल्या घरात अडकते. फरक इतकाच की तिथं भुताआड मुलगी नको असलेली माणसं उभी आहेत. तो सिनेमा संपल्यावर मी कितीतरी वेळ दिवा न लावता बसून होते. त्याला कारण होतं.

आमच्या सासरी एक अळवंतीण आहे. म्हणजे होती. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते, हडळ होते, असं म्हणतात ना, तीच. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण १९७९ साली पहिलटकरीण म्हणून माहेरी, आमच्या संगमेश्वरकडच्या गावी आली होती. पाय सुजले. दोन दिवस डोकं दुखत होतं. मग "डोळ्यांपुढे काजवे चमकतात" म्हणू लागली. तिसऱ्या रात्री दातखीळ बसली, डोळे फिरले, अंगाला झटके आले. तिन्हीसांजेला चिंचेखालून आली होती, म्हणून गावातल्या जाणत्याला बोलावलं. अंगारा झाला, नारळ फिरवला. पहाटेच्या आत ती गेली, आणि बाळही. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्या रात्री कंदील धरून त्याच उभ्या होत्या.

तेव्हापासून आमच्या घरात नियम. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं नाही, आणि सातव्या महिन्यात गावच्या चिंचेखाली हिरवा खण, बांगड्या आणि दहीभात ठेवायचा. आत्याबाईंचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही. मी लग्न होऊन आले आणि हे ऐकलं तेव्हा मनात आलं, अगं बाई, हा तर 'पुराना मंदिर'!

गेल्या वर्षी माझी धाकटी नणंद, घरातलं शेंडेफळ, डोहाळजेवणासाठी आठ दिवस आमच्याकडे आली होती. चौथ्या दिवशी तिचे पाय चांगलेच सुजले. "दिवसांत सूज यायचीच," आम्ही सगळ्याच म्हणालो, मीही म्हणाले. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावत होते, तर म्हणाली, "वहिनी, ज्योतीभोवती काहीतरी चकाकतंय गं."

सासूबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. त्यांनी मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या काढल्या, गावी फोन लावायला सांगितला, चिंचेखालचा खण राहिला म्हणून रडू लागल्या. आता माझी गंमत बघा. २०१३ साली डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला, हे मी वर्गात तावातावानं सांगणारी बाई. पण सासूबाईंना उलटून बोलायचं धैर्य मला कधी झालेलं नव्हतं. मात्र असले सिनेमे पाहून पाहून एक सवय लागली आहे, पहिले दोन प्रसंग पाहिले की शेवट ओळखता येतो. सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं. ही गोष्ट मी आत्याबाईंच्या नावानं दहा वेळा ऐकली होती. पुढचा प्रसंग झटक्यांचा होता.

"आई, तुम्ही दृष्ट काढा," मी म्हणाले, "पण रिक्षा येईपर्यंतच काढा."

रिक्षाच्या पुढे लिंबू-मिरची लटकत होती. सासूबाईंना तिचा आधार वाटला असावा, वाटेत काही बोलल्या नाहीत. दवाखान्यात रक्तदाब मोजला, तो निघाला १७० वर ११०. लघवीत प्रथिनं. लगेच भरती करून घेतलं, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं चालू केली, आणि दोन दिवसांनी शस्त्रक्रियेनं मुलगी झाली. अपुऱ्या दिवसांची, पावणेदोन किलोची. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. आता रांगते, आणि माझ्या पुस्तकांची पानं खाते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना थांबवून विचारलं, "दातखीळ बसते, डोळे फिरतात, ते यातच का हो?"

"हो आजी. याला एक्लॅम्पसिया म्हणतात. रक्तदाब वाढून झटके येतात. वेळेत लक्षात आलं तर बहुतेक वेळा सावरता येतं."

सासूबाई बाकावर जाऊन बसल्या. पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती सारखं पाणी मागत होती गं. बाधा झालेल्याला पाणी देऊ नये म्हणाले. मी दिलं नाही."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

पुढे पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला त्यांनी आत्याबाईंच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बोलावली. खरं तर हा मान आत्याबाईंच्या सासरचा. मी तसं म्हणालेही. तर म्हणाल्या, "असू दे. मला कोण विचारतंय?" पानाशेजारी तांब्या भरून पाणी ठेवलं. नाव मोठ्यानं घेतलं.

त्या रात्री ह्यांची रात्रपाळी होती, मुलं झोपली होती. मी स्वयंपाकघर आवरत होते, तर बाहेरून हाक आली, "अगं, तो तुझा उसातल्या भुताचा सिनेमा लाव बघू."

लावला. अर्धा तास गप्प बसून बघितला त्यांनी. मग म्हणाल्या, "एवढ्या अंधारात ही बाई स्वयंपाक करते तरी कशी?"