काथ्याचा पीळ

लंबक सुटतो, टक् असा आवाज होतो आणि तुकडा मोडतो. आकडा वाचण्याआधी मी मोडलेलं तोंड भिंगाखाली धरते. ते गुळगुळीत असेल तर मन खट्टू होतं. पण तोंडावर तंतूंचे खुंट उभे असतील आणि समोरच्या अर्ध्यावर त्यांची रिकामी भोकं दिसली, तर तुकडा झुंजून मोडला असं समजायचं.

चेन्नईत गिंडीच्या प्रयोगशाळेत हे कळायला मला दोन वर्षं लागली. माझे तुकडे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकात तागाचे तंतू घालून बनवलेले. पॉलिप्रॉपिलीन पाणी झिडकारतं, ताग पाणी पितो. दोघांचं जमत नाही. म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन मध्ये दुवा म्हणून घालतात. मी ते वाढवत गेले. ओढून पाहिलं तर ताकद वाढलेली, मी खूश. आघाताच्या चाचणीत मात्र तुकडे बिस्किटासारखे मोडले. पकड इतकी घट्ट, की तंतूला निसटायला जागाच उरली नव्हती. भेग त्याला कापत सरळ पार गेली. तंतू घासत, रेटत बाहेर येतो तेव्हा धक्का जिरतो. पकड फार सैल ठेवली तर ताकदच जाते. नेमकी किती पकड हवी, हे दर तंतूला नव्याने शोधावं लागतं.

मी मालवणची. सुंभ वळणारे हात लहानपणापासून पाहिलेले, तरी पोल्लाचीचा काथ्या हाताळेपर्यंत त्याचं मर्म कळलं नव्हतं. ताग जेमतेम दीड-दोन टक्के ताणला की तुटतो, काथ्या 15 ते 30 टक्के ताणला जातो. तागात सेल्युलोजचे सूक्ष्म धागे जवळजवळ सरळ, सुमारे 8 अंशांवर. काथ्यात 30 ते 45 अंशांवर गुंडाळलेले. ओढलं की आधी तो पीळ उलगडतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही आजीची म्हण मला तेव्हा अक्षरशः दिसली. काथ्याची स्वतःची ताकद तागाहून कमी, म्हणून मी दोन्ही मिसळते.

चेन्नईची हवा मात्र सगळं बिघडवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात ओव्हनमधून काढलेला तंतू मशीनपर्यंत जाताजाता पुन्हा ओलावतो. ती ओल वितळलेल्या प्लास्टिकात वाफ होते, बुडबुडे राहतात आणि भेग तिथूनच सुरू होते. उष्णता वाढवून ओल घालवावी, तर 200 अंशांपुढे तंतू करपतो.

मशीनवरचे अण्णा चिमटीत काथ्या चुरगाळून बघतात. "मॅडम, ईरम इरुक्कु." ओल आहे. मी ट्रे परत ओव्हनमध्ये सरकवते.