नायकाचं मूळ

हिंदी कॉमिक्समधल्या नागराजचा चित्रपट अजून मोठ्या पडद्यावर आलेला नाही. अधूनमधून बातमी येते की अमुक निर्माता तो काढतोय, तमुक नट नागराज होणार, आणि काही दिवसांत ती विरून जाते. पण नोएडातल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाद पेटायला तेवढंही पुरतं. कुणी कानपूरचा, कुणी पाटण्याचा, कुणी मेरठहून रोज येजा करणारा. मी नागपूरचा, त्यामुळे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलपासून गल्लीतल्या भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानापर्यंत सगळीकडे हेच हिंदी नायक वाचत वाढलो. डबे उघडे राहतात आणि प्रश्न सुरू होतात. हिरवी कातडी ठेवतील ना? अंगावरचे खवले? मनगटातून सुटणारे साप? एक सहकारी तर दरवेळी बजावतो की कॉमिकमधलं काही बदललं तर तो तिकीट काढणार नाही.

त्याचं प्रेम मला कळतं, पण त्याचा नियम पटत नाही. कॉमिकचे नायक जन्मापासून बदलत आलेत, आणि पुष्कळदा ते चित्रपटांमुळेच बदललेत. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो लांबलांब उड्या मारायचा. १९४१ पासून फ्लायशर स्टुडिओने त्याची कार्टूनं काढली, तेव्हा ती उडी पडद्यावर बरी दिसेना, म्हणून त्याला सरळ उडवलं. त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट आलं ते रेडिओच्या मालिकेतून. आज कुणी उडू न शकणारा सुपरमॅन दाखवला तर हीच मंडळी थिएटरबाहेर मूळ कॉमिकशी बेइमानी झाली म्हणून ओरडतील.

आपल्याला तर हे कुणी शिकवायला नको. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं परंपरा सांगते. दिल्लीत दसऱ्याच्या दिवसांत लाल किल्ल्यासमोरच्या मैदानावर रामलीला होते, तिथे हनुमान क्रेनला लटकून लंकेकडे झेपावतो, सिनेमा-टीव्हीचे नट मुकुट घालून येतात, संवादांत ताज्या राजकारणाचे चिमटे असतात. हजारो माणसं खाली बसून टाळ्या वाजवतात. पण रामाने वडिलांचा शब्द मोडला आणि तो वनवासाला गेलाच नाही, असं दाखवायची कुणाची छाती होणार नाही. बाकी सगळं हलवता येतं, तेवढं हलवता येत नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. सुपरहिरोच्या बाबतीत मात्र मूळ शोधावंच लागतं, कारण तो जिथून आला तिथेच तो नायक का झाला याचं उत्तर असतं. चित्रपटाने इमान राखायचं ते या मुळाशी, असं माझं मत आहे.

नागराजचंच घ्या. १९८६ साली तो दिल्लीच्या राज कॉमिक्समधून आला. कथा परशुराम शर्मांची. पहिल्या अंकात हा नायक चक्क विकाऊ माल आहे. प्रोफेसर नागमणी नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला हत्यार म्हणून घडवलंय, डोक्यात एक कॅप्सूल बसवून ताब्यात ठेवलंय, आणि जगभरातल्या दहशतवाद्यांना तो भाड्याने द्यायचा आहे. त्याची ताकद दाखवण्यासाठी त्याला एका मंदिरातली देवीची सोन्याची मूर्ती चोरायला पाठवतात. तिथे गोरखनाथ नावाचा साधू त्याचं मन वाचतो, ती कॅप्सूल काढतो आणि त्याला मोकळं करतो. मग नागराज दहशतवादाविरुद्ध उभा राहतो.

मराठी माणूस हे वाचतो तेव्हा त्याच्या मनात आणखी काहीतरी हलतं. कॉमिकमधला गोरखनाथ हे कल्पनेतलं पात्र आहे, हे खरं. पण ते नाव आपल्या घरातलं आहे. गोरक्षनाथांपासून गहिनीनाथ, गहिनीनाथांपासून निवृत्तिनाथ, निवृत्तिनाथांपासून ज्ञानदेव, ही परंपरा आपण लहानपणापासून ऐकतो. माझी आजी श्रावणात नवनाथांची पोथी लावायची. त्यामुळे दिल्लीतल्या बुराडीचा पत्ता छापलेल्या त्या हिंदी पुस्तकात गोरखनाथ भेटला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. दुसऱ्याच्या ताब्यातला जीव गुरूच्या हाताने सुटतो आणि मग स्वतःहून चांगल्याच्या बाजूला जातो, ही गोष्ट नाथांच्या मुलखात फार जुनी आहे. उद्या चित्रपटात नागराजची कातडी हिरवी नसली तरी मी बघेन. पण कुणी ती कॅप्सूल काढून टाकली आणि त्याला जन्मतःच भला, बलवान, देखणा दाखवला, तर तो नागराज राहणार नाही. गुलामीतून सुटल्यामुळेच त्याच्या शक्तीला अर्थ आहे.

सुपर कमांडो ध्रुवचंही तसंच. १९८७ साली अनुपम सिन्हांनी त्याला लिहिलं आणि रेखाटलंही. त्याच्यात दैवी शक्ती नाही. सर्कशीतल्या कसरतपटूंचा हा मुलगा. वैऱ्यांनी सर्कस जाळली, आईबाप गेले, आणि एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला मुलगा मानून वाढवलं. त्याच्याकडे आहे ती कसरत, विज्ञान आणि जनावरांशी बोलायची कला, म्हणजे सर्कशीने दिलेली शिदोरी. बॅटमॅनच्या रॉबिनची आठवण होते, ती कुणालाही व्हावी. तरी ध्रुव आमचा वाटला, कारण आमच्या गावच्या मैदानातही डिसेंबरात सर्कशीचा तंबू पडायचा.

हॉलिवूडने मुळाशी खेळ केला की काय होतं हे २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये दिसलं. शेवटी सुपरमॅन जनरल झॉडची मान मोडतो, यावर जगभर गदारोळ झाला. माझ्या मते चूक त्याच्या कितीतरी आधी झाली होती. पाण्यात बुडणाऱ्या बसमधली मुलं लहानग्या क्लार्कने वाचवली, आणि त्याला वाढवणारा शेतकरी बाप त्याला म्हणतो की कदाचित वाचवायला नको होती. कॅन्ससच्या त्या बापाने शिकवलेल्या चांगुलपणावर सुपरमॅन उभा आहे. बापच डळमळीत केला, मग पुढची मान मोडणं अटळ झालं. उलट २००२ च्या स्पायडरमॅनमध्ये कोळ्याचं जाळं यंत्रातून न येता थेट मनगटातून आलं, चाहते कुरकुरले आणि गप्प बसले. काका आपल्या हलगर्जीपणामुळे मेला हा त्या पोराच्या जिवाला लागलेला घोर शाबूत होता. पुढे कॉमिकनेही काही काळ तसंच जाळं स्वीकारलं.

२०२३ च्या ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये पवित्र प्रभाकर आला तेव्हा दिल्लीत वेगळाच उत्साह होता. इंग्रजीत त्याला आवाज देणारा करण सोनी दिल्लीचाच, आणि हिंदी-पंजाबीत शुभमन गिल. मुंबई आणि मॅनहॅटनची सांगड घातलेलं ते ‘मुंबॅटन’ डोळे दिपवणारं आहे, आणि मी ते पुन्हा आनंदाने बघेन. पण २००४ साली भारतासाठी काढलेल्या कॉमिकमध्ये हा पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकायला आलेला गरीब मुलगा होता, आणि धोतरावरून वर्गातली मुलं त्याला चिडवायची. चित्रपटातला पवित्र हसरा आहे, केसांची निगा राखणारा आहे, त्याला सगळं सोपं जातं. तो खेड्यातला मुलगा गेला याचं मला वाईट वाटतं. दिल्लीतल्या मुखर्जीनगरच्या खोल्यांमध्ये अभ्यास करणारी, बोलीवरून हसू झेलणारी कितीतरी मुलं या शहरात आहेत. तो नायक त्यांचा झाला असता.

डोगाबद्दल मला काळजी वाटते. राज कॉमिक्सचा हा कुत्र्याचा मुखवटा घालणारा नायक मुंबईत गुन्हेगारांना गोळ्या घालतो. अनुराग कश्यप त्याच्यावर चित्रपट करणार असं एके काळी बोललं जायचं, तो झाला नाही. डोगा कॉमिकबरहुकूम दाखवणं आजच्या निर्मात्याला सोपं आहे. बंदुका, पिळदार दंड, पावसातली रात्र. पण डोगा कचऱ्याच्या ढिगावर टाकलेलं मूल आहे, त्याला एका डाकूने उचललं आणि स्वतःच्या फायद्यासाठी वापरलं. त्या मुलाचा राग म्हणजे डोगा. चकमकीच्या बातम्यांवर मिठाई वाटणाऱ्या आपल्या काळात तो कचऱ्याचा ढीग वगळून फक्त बंदुका दाखवल्या, तर चित्रपट प्रत्येक चौकटीत कॉमिकसारखा दिसूनही खोटा असेल, आणि घातकही.

चाचा चौधरीचा साबू ज्युपिटरहून आला, हे आम्ही हसत वाचलं. चाचीच्या हातच्या पराठ्यांनी त्याला इथेच ठेवून घेतलं. त्याला घडवणारे प्राण १९३८ साली कसूरला जन्मले, फाळणीने ते गाव पाकिस्तानात गेलं, आणि त्यांनी आपला चाचा १९७१ साली दिल्लीच्या ‘लोटपोट’ नियतकालिकातून उभा केला. सुपरमॅनही दुसऱ्या ग्रहावरून आलेला, आणि त्याला रचणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. प्राणांनी साबूविषयी असा काही विचार केला होता, असा माझा दावा नाही. पण परक्या जागेतून आलेल्याला एका घराने जेवू घातलं आणि तो त्या घराचा पहारेकरी झाला, ही गोष्ट दिल्लीत लिहिली गेली याचं मला आश्चर्य वाटत नाही.

मुळाशी इमान राखायचं तर ज्यांच्या हातातून नायक उतरला त्यांच्याशीही राखायला हवं. सीगल आणि शूस्टर यांनी सुपरमॅन १३० डॉलरला विकला. १९७५ साली, म्हातारपणी, त्यांना निवृत्तिवेतन आणि नावाचं श्रेय मिळालं. बॅटमॅन घडवण्यात मोठा वाटा असलेल्या बिल फिंगरचं नाव अधिकृतपणे लागलं ते २०१५ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी. आपल्याकडे नागराजचे सुरुवातीचे अंक रेखाटले प्रताप मुळीक यांनी, अमर चित्रकथेची कितीतरी पुस्तकं चितारणाऱ्या पुण्याच्या चित्रकाराने. दिल्लीचा प्रकाशक, हिंदी संवाद आणि पुण्याचा कुंचला, असा तो नायक जन्मला. पुण्यातल्या किती वाचकांना हे ठाऊक असेल?

म्हणून, नागराजचा चित्रपट जो कुणी काढेल त्याला माझी विनंती आहे. पोशाख बदला, शहर बदला, साप हवे तसे दाखवा. ती कॅप्सूल आणि तो गोरखनाथ ठेवा, आणि पहिल्याच पाटीवर परशुराम शर्मा आणि प्रताप मुळीक ही नावं मोठ्या अक्षरांत द्या.