न पाहिलेले हिम

बर्फ म्हटले की आम्हा गोंदियाकरांना आठवते ती भुशात गुंडाळलेली लादी आणि लाल सरबतात बुडवलेला गोळा! आकाशातून पडणारे म्हणाल, तर आमच्या वाट्याला दव, धुके आणि फार तर अवकाळी गारा. ‘हिम’ हा शब्द मी वीस वर्षे वर्गात शिकवला. पण तो मला भेटला नेहमी पुस्तकातच.

गेल्या वर्षी जुलैत माझ्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर आला नाही. रोवणीचे दिवस म्हणून मी मनावर घेतले नाही. तो आला तेव्हा म्हणाला, “रोवणी कुठली सर? पाऊसच नाही. विहिरीतून घागरी भरभरून पऱ्ह्यांना पाणी घालत होतो. बाबा धुऱ्यावर बसून नुसते आभाळाकडे पाहत राहतात. धान गेले तर यंदा कॉलेजही गेले.”

त्या रात्री मला हेन्री ब्लॅनफर्ड आठवले. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे हे पहिले प्रमुख. हिमालयात हिवाळ्या-वसंतात बर्फ फार पडले की आपल्याकडे पावसाळा कोरडा जातो, असे त्यांनी १८८४ साली मांडले. कारण मोठे गमतीचे आहे. ताजे शुभ्र हिम बरेचसे ऊन आल्या पावली परत पाठवते. उरलेली ऊब ते वितळवण्यात जाते. वितळले की जमीन ओली होते, आणि ती वाळवण्यात आणखी उष्णता खर्ची पडते. जमीन तापायला उशीर, म्हणून समुद्रावरचे वारे ओढून घ्यायलाही उशीर! हा ठोकताळा पुढे नेहमीच खरा ठरला नाही. पावसाची दोरी एल निनोसारख्या आणखी कितीकांच्या हाती असते. तरी मनात आले, तिकडची माती ओली राहिल्याने इकडची कोरडी पडावी, हा केवढा दूरचा सोयरसंबंध! पण धुऱ्यावर बसलेल्या बापाला हे सांगून काय होणार?

रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. त्यांची बोडी गाळाने भरलेली, पऱ्हे पिवळे. पलीकडच्या गावात मात्र जुन्या मालगुजारी तलावाखालच्या बांध्यांत रोवणी चालू होती. असले तलाव या भागात कोहळी लोकांनी शतकांपूर्वी बांधले. तेथे उभा असताना उलगडले, की हिम म्हणजे तरी काय? डोंगराने हिवाळ्यात साठवून उन्हाळ्यात हळूहळू सोडलेले पाणी. आमच्या पूर्वजांना हिम ठाऊक नव्हते. पण त्याचे काम त्यांनी मातीच्या पाळीकडून करून घेतले होते!

पाऊस दहाव्या दिवशी आला. निम्मे पऱ्हे वाचले आणि मुलाचे कॉलेजही. या मे महिन्यात त्याचे दोन ओळींचे पत्र आले: “गावकरी मिळून बोडीचा गाळ काढतो आहोत. बाबा आता धुऱ्यावर नाही, बोडीच्या पाळीवर असतात.”