आधी तपासणी, मग खत

वाचकहो, गेली जवळजवळ तीस वर्षे मी बांधाबांधावर फिरून एकच गोष्ट सांगत आलो आहे. आधी माती तपासा, मग खत टाका. हेच वाक्य मी माझ्या स्वतःच्या घरात विसरलो, आणि त्याची किंमत सव्वीस हजार रुपये पडली. आज ती हकिकत तुम्हाला सांगणार आहे. विषय पिकाचा नाही, संगणकाचा आहे. पण लगेच पान उलटू नका. आज तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात शिकणारा मुलगा आहे, त्याच्या टेबलावर संगणक आहे, आणि आज ना उद्या तो तुमच्यापुढे येऊन म्हणणार आहे, "कार्ड बदलावं लागतं."

आमचा धाकटा तसाच आला. २०२० साली शाळा-कॉलेजे बंद पडली तेव्हा त्याच्यासाठी संगणक जोडून घेतला होता. अभ्यास संपला की तो त्यावर मोटारी पळवायचा खेळ खेळतो. फोर्झा होरायझन ५ असे त्याचे नाव. त्यात मेक्सिको देशातले रस्ते, डोंगर, वाळवंट सारे हुबेहूब दाखवले आहे. पण गाडी वेगाने निघाली की चित्र अडखळायचे. दोन क्षण सुरळीत, की एक गचका. पुन्हा सुरळीत, पुन्हा गचका. मुले याला 'स्टटर' म्हणतात.

"अण्णा, कार्ड जुनं झालंय," तो म्हणाला. मी विचारले, "नक्की?" तो म्हणाला, "मित्र तसंच म्हणतात." आणि मी, बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, एवढ्यावर मान डोलावली.

ते साल २०२३ होते. ऑगस्टमध्ये पावसाने दिलेली ओढ तुम्ही विसरला नसाल. सोयाबीन ऐन फुलात होरपळले होते. दिवाळीला हातात काही उरले नव्हते. तेव्हा त्याच्या आईने दोन म्हशींच्या दुधाचे, डब्यात साठवलेले पैसे काढून दिले. "पोराला दुसरं काही व्यसन नाही, घ्या," म्हणाली.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. संगणकातला प्रोसेसर हा मुकादम समजा. हुशार, पण एकटा. पडद्यावरच्या चित्रातले लाखो ठिपके रंगवायचे काम त्याच्या एकट्याच्याने होत नाही. म्हणून खुरपणीला बायकांची लांब रांग लावावी तसे कार्डात हजारो छोटे कामकरी बसवलेले असतात. आमचे जुने कार्ड जीटीएक्स १६५० होते, त्याची स्वतःची मेमरी ४ जीबी. नवे घेतले ते आरटीएक्स ३०६०. त्यात असे ३५८४ कामकरी आणि १२ जीबी मेमरी. जुने ७५ वॅट वीज खाई, नवे १७०. दुकानदाराने पॉवर सप्लाय ५५० वॅटचा आहे ना, एवढे विचारले, पैसे मोजून घेतले आणि खोके हातात दिले.

कार्ड बसले. मी दोन दिवसांनी विचारले, "काय, पळते का गाडी?" तो हसून म्हणाला, "एकदम मस्त." आईनेही विचारले. तिलाही तेच उत्तर.

पंधरा दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठलो तर त्याच्या खोलीत दिवा. दारातून पाहिले. गाडी धावत होती, आणि पहिल्यासारखीच गचके खात होती. तो दोन्ही हात डोक्याला लावून बसला होता. मी आत गेलो तसा त्याने पडदा बंद केला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, काहीच फरक पडला नाही. आईचे पैसे गेले. कसं सांगू?"

खरे सांगतो, मला राग आला नाही, लाज वाटली. सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडली की शेतकरी युरियाची गोणी फोडतो, आणि मी त्याला अडवतो. मी सांगतो, बाबा, नत्र कमी असले तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. युरिया कितीही टाकला तरी उपयोग नाही. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याने एकोणिसाव्या शतकात हेच ठासून सांगितले होते. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावर पिकाची वाढ अडते, बाकीची कितीही असोत. हे परभणीला शिकलो, जन्मभर शिकवले, आणि घरात मात्र न बघता गोणी फोडली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही बापलेक वही घेऊन बसलो. मी अट घातली, एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावर दहा मिनिटे गाडी चालवून गचके मोजायचे. आपण प्रयोगाला वाफे पाडतो तसेच.

पहिल्या खेपेला एकेचाळीस गचके मोजले. मी म्हटले, "पण वर आकडा तर चांगला दिसतो, सेकंदाला पंचावन्न चित्रे." तेव्हा त्याने मला समजावले. सेकंदाला साठ चित्रे म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. त्यातले एकच चित्र यायला १०० मिलिसेकंद लागले तर डोळ्याला गचका बसतो, सरासरी मात्र पंचावन्नच दिसते. मला एकदम पटले. वर्षाची सरासरी कितीही भरली तरी फुलोऱ्यात तीन आठवडे खंड पडला की पीक जाते. सरासरी पोट भरत नाही, वाचकहो, ना शेतात ना इथे.

मग आधी बिनपैशाच्या गोष्टी पाहिल्या. पडद्याची वायर कार्डालाच लावली आहे ना, हे पाहिले. कित्येकांची ती चुकून मुख्य बोर्डाला राहते आणि नवे कार्ड नुसते बसून राहते. जुन्या कार्डाचे ड्रायव्हर पूर्ण काढून नवे घातले. वीज बंद करून, वायर काढून, पंख्यातली धूळ ब्रशने झाडली. गचके अडतीस. म्हणजे रोग दुसरीकडे होता.

मग त्याने टास्क मॅनेजर उघडला. संगणकाचा कोणता भाग किती राबतो आहे, हे त्यात दिसते. विंडोजमध्ये ते फुकटच असते. खेळ चालू ठेवून पाहिले आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. नवे कार्ड निम्मेच काम करत होते. रॅम ८ जीबीची, ती काठोकाठ भरलेली. आणि हार्ड डिस्क शंभर टक्के.

मळणीचे उदाहरण घ्या. मोठे मळणी यंत्र आणले, पण शेतातून पेंढ्या आणायला एकच बैलगाडी आणि खळे एवढेसे. यंत्र मधूनमधून रिकामेच फिरणार. आमचे तसेच झाले होते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरचा दांडा जागोजाग सरकून माहिती वाचतो. गाडी वेगाने पळाली की नवे रस्ते, नवी झाडे भराभर वाचावी लागतात, तेवढी त्या दांड्याची चाल नाही. त्यात रॅम भरली की संगणक उरलेले ओझे त्याच डिस्कवर टाकतो. म्हणजे थकल्या बैलावर दुप्पट भार. खेळाच्या माहितीत १६ जीबी रॅम असावी असे छापलेलेही होते. बियाण्याच्या पिशवीवरची माहिती आपण वाचत नाही, तसेच ते आम्ही वाचले नव्हते.

मित्राकडून ८ जीबीची रॅम दोन दिवस मागून आणली. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसल्या की माहितीची वाटही दुहेरी होते. गचके सोळा. मग ५०० जीबीची एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारे काहीच नसते, त्यामुळे वाचायला वेळ लागत नाही. विंडोज आणि खेळ दोन्ही तिच्यावर घेतले. गचके तीन. ते तीनही नव्या रस्त्यावर पहिल्यांदा गेल्यावरच येत, दुसऱ्या फेरीत नाहीत. तेवढे चालायचेच. मित्राची रॅम परत करून स्वतःची घेतली. सारा खर्च पाच हजारांच्या आत.

शेवटी त्यानेच एक गोष्ट सुचवली. मला वाटते, तिथे तो खरा शिकला. "अण्णा, आता जुनं कार्ड लावून बघू." लावले. चित्राचा थाट थोडा कमी करावा लागला, पण गाडी न अडखळता पळाली. म्हणजे त्या दुष्काळी वर्षात सव्वीस हजार खर्चायची गरज नव्हती. आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो.

संध्याकाळी तो स्वतः उठून आईकडे गेला आणि सारे सांगितले. ती म्हशीची धार काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "पैसे गेले त्याचं एवढं नाही रे. पंधरा दिवस तू घरात खोटं हसत होतास, त्याचं वाईट वाटतं." पुढच्या आठवड्यात त्याने जुने कार्ड मित्राला सात हजाराला विकले आणि पैसे दुधाच्या डब्यात नेऊन ठेवले. नवे कार्ड आता परत घेणार कोण? ते तसेच आहे, आणि आता पूर्ण राबते आहे.

तेव्हा शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या मुलाने नवे कार्ड मागितले तर त्याला नाही म्हणू नका आणि हो ही म्हणू नका. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, "दाखव बरं, नक्की कुठे अडतंय." तुम्हाला संगणक कळत नाही याची लाज बाळगू नका. पिकाला विचारता तेच प्रश्न विचारा. सगळ्यांत कमी काय आहे? कोण राबतो आहे, कोण बसून आहे? उसने आणून आधी करून बघता येईल का?

आणि मुलाचे चुकले तर ते त्याला घरात सांगता येईल, एवढी जागा ठेवा. आमच्या घरी ती कमी पडली होती.