हिरकणीचे ताट

'पान्हा' हा शब्द मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आले आहे. संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले, भक्ताच्या हाकेला त्याचा पान्हा फुटतो असे म्हटले, की फळ्यावर 'वात्सल्य' असे लिहायचे आणि पुढच्या चरणाकडे वळायचे, हा माझा शिरस्ता. या शब्दामागे शरीर आहे, हे मला कळत नव्हते असे नाही. पण शिकवताना त्याची कधी गरज पडली नव्हती.

ती गरज २०१८ साली पडली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये वसईला, सासरी, मला मुलगी झाली. दोन महिन्यांची असताना तिच्या शीत रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. डॉक्टरांनी तपासून निदान केले : गाईम्हशीच्या दुधातील प्रथिनांची अॅलर्जी. मी जे दूध पीत होते त्यातील प्रथिनांचा अंश माझ्या दुधातून तिच्यापर्यंत पोहोचत होता. उपाय एका वाक्याचा होता. मी दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ सोडायचे; तिला अंगावर पाजणे मात्र सोडायचे नाही.

हे वाक्य घरी सांगणे सोपे नव्हते. बाळंतिणीचा सारा खाऊ तुपात न्हालेला असतो. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, दुधातली खसखशीची खीर, शतावरी घालून उकळलेले दूध, यांतले काहीच चालणार नव्हते. साजूक तुपातही प्रथिनांचा अंश उरतो, म्हणून तेही बंद. सासूबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, पण दूध प्यायल्याशिवाय दूध येणार कुठून?"

आज वाटते, हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. तो सादृश्याचा होता. पांढऱ्यापासून पांढरे, दुधापासून दूध. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही तर्कपद्धती परकी नसावी, कारण आपली निम्मी अलंकारमीमांसा तिच्यावरच उभी आहे. गाय हिरवे गवत खाऊन पांढरे दूध देते, हे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. सुचले असते तरी मी ते दिले असते असे नाही.

दुसरा सल्ला दारावर आला. पाचूबंदरहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी बाळाकडे पाहिले आणि माझ्यासाठी छोटी मुशी बाजूला काढली. किनाऱ्यावर बाळंतिणीला मुशी देण्याची रीत जुनीच आहे. (मोठी मुशी मात्र तिच्यातल्या पाऱ्यामुळे या काळात टाळावी, असे डॉक्टर सांगतात.) सासूबाईंनीही मग आपल्या परीने वाट काढली. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओले खोबरे आणि गूळ घालून त्यांनी बिनतुपाचे लाडू वळले. खीर केली ती नारळाच्या दुधातली. "हेही दूधच की," असे म्हणून वाटी माझ्यापुढे ठेवली. भाषेने त्यांना तेवढी सवलत दिली होती.

जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले. मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. ज्यांनी तसे शिकवले आहे त्यांना सांगायला नको की आमच्या तासांना मोल असते, रजेला नसते. तीन महिन्यांचे मूल घरी ठेवून मी विरार लोकलने अंधेरीच्या पलीकडे जाऊ लागले. घराबाहेर सात-आठ तास जात. त्यात एकदाच, आतून कडी लागणाऱ्या एका अडगळीच्या खोलीत, पंपाने दूध काढता येई. दोन आठवड्यांत दूध कमी झाले.

कारण सर्वांना ठाऊक होते : माझे ताट. मीही तेच मानले. एवढेच नव्हे, तर भीतीपोटी ताटातून आणखी पदार्थ काढून टाकले. कोणी सांगितले नसताना डाळ सोडली, गहू सोडला, अंडी सोडली. मुलीच्या लंगोटात पुन्हा लाल धागा दिसला तर तो माझ्या घासाचा असेल, या धास्तीने मी जेवत कमी होते आणि ताटाकडे पाहत जास्त होते.

या काळात जे शब्द कानावर आले ते मी वहीत टिपून ठेवले आहेत. 'आटले.' 'चोरते आहे.' एका दूरच्या आत्यांनी तर थट्टेत 'भाकड' म्हटले. हे सर्व शब्द गोठ्यातले. दावणीची गाय पान्हा चोरते, म्हणजे धार काढणाऱ्याला दूध न देता ते वासरासाठी राखते. त्या शब्दात गाईचा हेतू गृहीत धरलेला आहे. तो बाईला लावला की हेतूही सोबत येतो. दूध कमी आहे याचा अर्थ मनात काही कमी आहे, असा. पान्हा म्हणजे वात्सल्य, हे समीकरण मी फळ्यावर इतक्या वेळा मांडले होते की ते उलटे वाचले जाऊ शकते हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

डॉक्टरांच्या दवाखान्यातील परिचारिकेने मात्र ताटाविषयी नंतर विचारले. आधी विचारले, "चोवीस तासांत किती वेळा पाजता?" मी मोजले, पाच. तिने सांगितले की या वयात आठ ते बारा वेळा पाजले जाते. स्तन भरलेला राहिला की त्यातच साठलेले दूध पुढचे दूध बनणे मंदावते. रिकामा झाला की वेग वाढतो. रात्रीचे पाजणे विशेष महत्त्वाचे, कारण दूध बनवणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते. मूल दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओले करते का आणि त्याचे वजन वाढते का, एवढे पाहायचे. शेवटी तिने ताटाकडे मोर्चा वळवला आणि रागावली. डाळ, गहू, अंडी कोणी बंद करायला सांगितली होती? पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि दूध सोडले असेल तर कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे हवेत. मी ऐकले, पण पटायला पूर यावा लागला.

१० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढले आणि गाड्या थांबल्या. वसई-विरारचे रस्ते बुडाले, वीज गेली. फ्रिजमध्ये साठवलेले माझे दूध फुकट गेले. गल्लीत दूधवाला आला नाही; आमच्याकडे त्याची वाट पाहणारे तसे कोणी नव्हतेच. पुढचे तीन दिवस दुसरा मार्ग नसल्याने मुलगी सतत माझ्याजवळ होती. रडली की पाजले, न रडताही पाजले, मेणबत्तीच्या उजेडात रात्री चार-चार वेळा पाजले. सासूबाईंनी पाट्यावर खोबरे वाटले. पावसाळी मासेमारी बंद असल्याने डब्यातली सुकी मांदेली, तांदळाची भाकरी, तुरीचे वरण आणि नाचणीची पेज हे जेवण. मी पोटभर जेवले. चौथ्या दिवशी पहाटे कपडे भिजल्याने मला जाग आली.

सासूबाईंनी श्रेय अळिवाला दिले. मी वाद घातला नाही. दूध वाढले ते वारंवार पाजण्याने, असे मला वाटते. पण त्या तीन दिवसांत कोणीतरी मला आयते जेवायला वाढत होते, हेही खरे. बाळंतिणीच्या खाऊची परंपरा कदाचित पदार्थांत कमी आणि या वाढण्यात जास्त आहे.

पुढे कधीतरी पान्हा शब्दाची व्युत्पत्ती पाहिली. संस्कृत 'प्रस्नव', म्हणजे पाझरणे, वाहू लागणे. शब्द दूध बनण्याविषयी नाहीच, तो दूध सुटण्याविषयी आहे. दूध सुटते ते ऑक्सिटोसिनमुळे. त्याच्यावर मनाचा परिणाम होतो. बाळाच्या आवाजाने ते सुटते, भीतीने अडते. गवळी धार काढण्याआधी वासराला तोंड लावू देतो ते याचसाठी. संतांचे रूपक म्हणूनच अचूक आहे. चूक आमची, की सुटण्याचा शब्द आम्ही साठ्याला लावला आणि साठ्याचा हिशेब मायेच्या खात्यावर मांडला.

पण मग ताटाला काहीच अर्थ नाही का? इथे मला थांबावे लागते. अर्धपोटी आयांनाही दूध येते. डॉ. सी. गोपालन यांनी १९५८ साली गरीब भारतीय स्त्रियांच्या स्तन्यपानावर जो निबंध लिहिला, त्याचा विषय हाच होता. खाणे अपुरे असले तरी शरीर दूध सहसा थांबवत नाही. ते आईच्या साठ्यातून काढते. पाजण्याच्या काळात हाडांतले कॅल्शियमही खर्ची पडते. मूल अंगावरून तुटल्यावर ते बरेचसे भरून निघते, पण भरून काढायला अन्न हवे. म्हणजे 'तू काय खाल्लेस?' हा प्रश्न दुधासाठी फारसा उपयोगाचा नाही. तो आईसाठी विचारायचा आहे.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी तो महाराष्ट्रापुढे ठेवला. २०१५ पासून राज्याची अमृत आहार योजना आदिवासी भागातील गरोदर आणि 'स्तनदा' स्त्रियांना एक वेळचे चौरस जेवण देते. माझ्या ताटातले पदार्थ डॉक्टरांनी कमी केले, काही मी स्वतः. मुलगी वर्षाची झाल्यावर ते परतही आले. मोखाड्याच्या बाईचे पथ्य कोणी लिहून दिलेले नसते, आणि ते सुटण्याची तारीखही नसते.

हल्ली वर्गात हिरकणीची गोष्ट निघते तेव्हा मी थोडी रेंगाळते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून रात्री कडा उतरून तान्ह्याकडे गेली. मुले कडा पाहतात, माया पाहतात. मी त्यांना सांगते की पाजण्याची वेळ टळली की छाती दगडासारखी होते, ठणकते. ती उतरली त्यात हेही असेल. तिने गडावर सगळ्यांना दूध वाढले होते. मग विचारते, त्या दिवशी ती स्वतः जेवली होती का?

वर्ग गप्प होतो. कथेत याचे उत्तर नाही. आपण कोणीच ते कधी विचारलेले नाही.